उगवतीकडे तोंड करून

उसाच्या सरीत उभं राहिलं की आभाळ पट्टीएवढं दिसतं. माझी शाळेची वर्षं त्या पट्टीखाली गेली. बारामतीहून एसटीने कळसला यायचं, दप्तर टाकायचं आणि कालव्याच्या पाण्याची पाळी असली की दारं धरायला जायचं. एक सरी भरली की खोऱ्याने माती ओढून तिचं तोंड बुजवायचं, पुढचीचं उघडायचं. पाणी चालू असेतो जागा सोडायची नाही.

आणि मला नाद विमानांचा. उसाच्या तुऱ्याच्या हलक्या दांड्यांना पतंगाचा कागद चिकटवून मी विमानं उडवायचो. शास्त्राच्या मास्तरांकडे गुणाकार-भागाकार करणारी सरकती पट्टी होती. लॉगच्या तक्त्यातले आकडे घेऊन मी तशीच पुठ्ठ्याची केली होती. पुण्याला कॉलेजात जायचं, एवढं एकच डोक्यात होतं.

"आन् हितं दारं कोण धरणार? तुझी पट्टी?" तात्या, म्हणजे माझे वडील, विचारायचे. मी एकुलता एक होतो.

मॅट्रिकच्या वर्षी रशियाने कृत्रिम चंद्र सोडला. तो पुण्यावरून कधी दिसला ते शाळेतल्या वर्तमानपत्रात आलं होतं. मी पट्टी घेऊन बसलो आणि पुढचा हिशेब केला. परवा दिवेलागणीला तो आपल्यावरून जाणार, असं घरी जाहीर करून टाकलं.

धाकटे चुलते हसले. "रशियानं चंद्र सोडला, आन् इंदापूर तालुक्यात आमचं पोरगं त्याचं येळापत्रक काढतंय!"

तात्या हसले नाहीत. "आला तर जा पुण्याला. न्हाय आला तर ह्यो नाद सोडायचा आन् रान बघायचं. धाकटा साक्षीला हाय."

संकष्टीला बाया चंद्र बघून उपास सोडतात, तसा आईने माझ्या त्या चंद्राचा उपास धरला. दिवसभर तिने पाण्याशिवाय काही घेतलं नाही. नेमकी त्याच दिवशी कालव्याच्या पाण्याची पाळी आली. मी खोरं उचललं तर तात्यांनी ते काढून घेतलं. "आज तू नगं. तुझा चंद्र बघ," म्हणाले आणि एकटेच रानात गेले. ते रागावले असते तर मला हलकं वाटलं असतं.

आईने खळ्यावर उगवतीकडे तोंड करून पाट मांडला, ताटात दूर्वा, हळदकुंकू, गूळ ठेवला. चंद्र म्हटल्यावर पूर्व. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मी, आई, चुलते, तिघंही बाभळीच्या शेंड्याकडे बघत बसलो. उजेड गेला, चांदण्या आल्या. हलणारं काही दिसेना.

"उगवायच्या आधीच मावळला वाटतं," चुलते म्हणाले.

एवढ्यात आई उठली आणि तिने हात जोडले. "त्यो काय! बाभळीवरनं गेला की. तुमचं डोळं कुठं हायेत, भावजी?"

मी तिथेच बघत होतो. बाभळीवर काही नव्हतं.

तात्या चिखलाच्या पायांनी आले. "दिसला?"

"दिसला की," आई म्हणाली. मी पाट उचलायला वाकलो. तात्यांनी तिच्याकडे जरा वेळ बघितलं. "मग जेव आता," म्हणाले.

जूनमध्ये भिगवणला पुण्याच्या गाडीत बसलो. सुटलो असं वाटायला हवं होतं. पण आईच्या खोट्यावर आलोय, आता नापास होता येणार नाही आणि परतही जाता येणार नाही, हे वसतिगृहाच्या खोलीत रोज माझ्यासोबत असायचं. कॉलेजची मुलं ग्लायडर उडवायला जायची. मी एकदाही गेलो नाही.

दिवाळीला घरी आलो तर दारं आई धरत होती. तिच्या पायाच्या बोटांतली कातडी पाण्याने कुजली होती. दर संकष्टीला ती उपासही करू लागली होती. "देवाच्या ताटाम्होरं खोटं बोलले, ते फेडायला नगं?" ती हळूच म्हणाली. "ह्यांना सांगू नगंस."

दुसऱ्या दिवशी तिच्याऐवजी मी पाण्यावर गेलो. संध्याकाळी सरीत उभं असताना मला राहवेना. "तात्या, त्या दिवशी आम्हाला चंद्र दिसला नव्हता."

"तितनं कसा दिसंल? समदी उगवतीला तोंड करून बसलेली. त्यो मावळतीकडनं आला, डोक्यावर आला आन् इझला. मी हितंच हुतो."

माझ्या हातातलं खोरं थांबलं. दिवेलागणीला पृथ्वीची सावली पूर्वेकडे असते. पूर्वेला पोचण्याआधीच तो सावलीत शिरून विझला होता. वेळ मी बरोबर काढली होती, बसवलं मात्र सगळ्यांना पाठ फिरवून.

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"काय बोलू? उपाशी बाई धाकट्याम्होरं खोटी पडली असती." ते पुढच्या सरीकडे वळले. "पाणी बघ. फुटंल."

घराकडे जाताना वाटलं, आईला सांगावं. चंद्र खरंच आला होता, आता उपास सोड. पण सांगायचं तर कोणी बघितला तेही सांगावं लागणार. मग तिचं खोटं तात्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, हे तिला कळणार. ज्यासाठी ते गप्प राहिले, तेच मी मोडणार.

सुट्टी संपायच्या आधी संकष्टी आली. "चंद्र कधी उगवतो रं आज?" आईने विचारलं. मी पंचांगात बघून वेळ सांगितली आणि खळ्यावर उगवतीकडे तोंड करून तिचा पाट मांडून दिला.