चिंचणीचा रस्ता बंद होता

वादळाच्या दुसऱ्या सकाळी मी देवापुढे बसले खरी, पण हात जोडवेनात. ह्यांची मासेमारीची बोट केळव्याच्या किनाऱ्यावरून गेली होती. गावच्या बाकीच्या बोटी परतल्या, तिचाच पत्ता नव्हता. वायरलेस मुका, मोबाइल बंद. लग्न होऊन आल्यापासून नेमाने शितळादेवीला जात आले, आणि नेमकी आजच तिने पाठ फिरवली, असे वाटत होते. नवस बोलायलाही जीभ उचलेना.

ह्यांच्यासोबत बोटीवर इतर खलाशी आणि शेजारचे काका होते, बोट हाकणारे तांडेल. काकू काठी टेकत दारात आली. "बाय, माझ्यानं चालवत नाय. तू जा. दोघांची खबर आन." दिराने मोटारसायकल काढली. डहाणूपर्यंत लागेल त्या बंदरावर विचारत जायचे ठरले.

पाऊस सुयांसारखा तोंडावर लागत होता. सातपाटीला कोणी काही पाहिले नव्हते. पुढे बोईसरच्या कारखान्यांकडचा रस्ता नुसता खड्ड्यांचा, त्यांत गुडघाभर गढूळ पाणी. एका खड्ड्यात गाडी आडवी झाली. माझे कोपर सोलवटले, दिराचा पाय गाडीखाली आला. कामावरून सुटलेल्या एका परप्रांतीय माणसाने गाडी उचलून दिली आणि विचारले, "कहाँ जाना है?" पुढचे बंदर चिंचणी म्हटल्यावर त्याने मान हलवली. "उधर पेड़ गिरे हैं, भाभी, रास्ता बंद है. हाईवे से जाइए."

दीर म्हणाला, "वयनी, मागं फिरूया का? लांबचा फेरा हाय." मी म्हटले, चल. बेटेगाव मागे टाकून आम्ही महामार्गाला लागलो. ट्रक अंगावर चिखल उडवत जात होते. समुद्रात हरवलेले माणूस शोधायला निघालो आणि समुद्राकडेच पाठ करून चाललो होतो. तिथे मला पहिल्यांदा रडू फुटले.

विवळवेढ्याच्या महालक्ष्मीपाशी दिराने गाडी थांबवली. गारठ्याने त्याची बोटे वळत नव्हती. मी रिकाम्या हातांनी आत गेले. मागावे म्हणून तोंड उघडले आणि निघाले ते भलतेच. "आई, मला आता काही कळत नाही. तुझं तू बघ. जे दाखवशील ते बघायचं बळ दे." एवढे बोलल्यावर छातीवरचा दगड हलल्यासारखे झाले. दुःख होतेच, पण त्याच्याशी चाललेले भांडण थांबले होते.

बाहेर एक अनोळखी कोळीण ओटीचे सामान घेऊन उभी होती. माझी थरथर पाहून तिने स्वतःची कोरडी चादर माझ्यावर घातली. "कुठली गो तू?" मी केळवे म्हटले, तशी ती माझ्याकडे बघतच राहिली. "मी झाईची, डहाणूच्याबी पुढची. काल सांजेला माझ्या लेकाच्या बोटीनं समिंदरातून मानसं काढली. आमी केळव्याची हाव, असं सांगत व्हती. लेक सुखरूप आला म्हनून आईची ओटी भराया आले."

"किती माणसं?" मी विचारले.

"ता मना नाय ठाव, बाय."

दिराने गाडी थेट झाईच्या वाटेला लावली. तिथल्या शाळेच्या खोलीत हे घोंगडी पांघरून पडले होते, ओठ मिठाने फाटलेले. माझे मनगट धरून ते म्हणाले, "काका हातातून सुटले गो." बाकीचे सगळे खलाशी खोलीत होते. काका नव्हते.

घरी परतून काकूला सांगणे हा त्या प्रवासातला सर्वांत अवघड टप्पा होता. तिने ऐकून घेतले, बराच वेळ माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "तुजा आला ना? त्याला जेवाया घाल."

लोक याला चमत्कार म्हणतात, तेव्हा मला काकू आठवते. घरात बसून तिनेही त्याच आईला हाक मारली होती. पण झाडे पडली नसती, तर आम्ही डहाणूहूनच रित्या हातांनी परतलो असतो, हेही खरे. कोणाला काय द्यायचे हे तिला विचारायचे धाडस आता माझ्यात नाही. माझ्या पदरात पडले त्यापुढे मान लवते. आणि रोज दुपारी काकूकडे जाऊन तिच्याजवळ बसते. कधी बोलतो, कधी नाही.