बिजली ग्रुपची चाळीस वर्षं, एका डब्यात

आमच्या नळदुर्गात हायवेला लागून खाजाभाईंचं मोटार भरायचं दुकान आहे. मोटार भरायची म्हणजे जळालेल्या मोटारीची काळी पडलेली तार उपसून काढायची आणि तांब्याच्या नव्या तारेची वेटोळी बसवायची. शेजारी माझं स्टेशनरीचं दुकान. तीस वर्षं झाली, त्यांच्या दुकानातला वॉर्निशचा वास माझ्या वह्यांना लागतो आणि माझ्या तोंडातल्या बातम्या त्यांच्या गिऱ्हाइकांना लागतात. दोघांचंही त्यात नुकसान नाही.

खाजाभाईंना पाहून कुणाला वाटायचं नाही की हा माणूस एकेकाळी सोलापूर ते उमरगा पट्ट्यात गिटार वाजवून लोकांची झोप उडवत होता. त्रेसष्ट वय, नाकावर घसरलेला चष्मा, बोटं तारेनं कापलेली. पण पंच्याऐंशी साली त्यांनी, महारुद्रनं आणि चन्नबसप्पानं मिळून बिजली ग्रुप काढला. खाजाभाई गिटार, महारुद्र गाणार, चन्नबसप्पा ड्रम. ड्रम म्हणजे सुरुवातीला तेलाचे रिकामे डबेच होते, हे तो आता कबूल करत नाही.

ढाब्यावर एक ट्रक ड्रायव्हर कव्हर नसलेली विलायती कॅसेट विसरून गेला, तिथनं हे येड लागलं. त्यातला एकही शब्द तिघांना कळला नाही. पण गिटार कशी किंचाळते ते कळलं. खाजाभाईंनी सोलापूरच्या जुन्या बाजारातून साधी लाकडी गिटार आणली. तिला वीज जोडायची तर तारांखाली लोहचुंबक आणि केसासारख्या तारेचं वेटोळं लागतं. बाजारात ते मिळेना. मग ह्यांनी फुटक्या स्पीकरातला चुंबक काढला, जुन्या रेडिओतली बारीक तार काढली आणि दुकानातल्या हाताच्या मशीनवर सहा हजार फेरे मारले. गिटार वाजायला लागली. फक्त एक खोड राहिली. लाईटीला जोडली की वाजवा, न वाजवा, मागं एकसारखी घूंऽऽऽ अशी घुम चालूच. भुंगा डब्यात कोंडल्यागत.

खाजाभाईंना त्या घुमेची लई लाज वाटायची. कार्यक्रमाआधी स्टेजवर जाऊन लोकांची माफी मागायचे. लोक म्हणायचे, असू द्या, आम्हाला वाटलं मागं लाईटीची डीपीच आहे.

गाणी मात्र ह्यांची स्वतःची. "डीपी जळाली, वरात खोळंबली" हे त्यांचं सगळ्यात गाजलेलं. उरुसाला, बसव जयंतीला, गणपतीला, नव्या ट्रॅक्टरच्या पूजेला, कुठंही बोलावलं की जायचे. महारुद्र गायला उभा राहिला की बाया पदर सावरायच्या आणि म्हातारे मान डोलवायचे. पेटी नाही, तंबोरा नाही, तरी त्याचा सूर तसूभर हलायचा नाही. लोक म्हणायचे, देवाची देणगी. महारुद्र पण मान तुकवून घ्यायचा. एक गंमत मात्र मी तेव्हाच पाहिली होती. जनरेटर दमायला लागला की देवाची देणगी पण जराशी खाली यायची. मला वाटायचं, योगायोग.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात हे सगळं तुटलं. दुष्काळाचं साल. सोलापुरात मोठा कार्यक्रम ठरला होता, तिकिटं लावून, पहिल्यांदाच. त्या दिवशी दुपारी जवळच्या एका खेड्यातले चार जण खाजाभाईंकडं जळालेली मोटार घेऊन आले. गावाला पाणी देणारी ती एकच मोटार होती. खाजाभाईंनी गिटार खुंटीला टांगली आणि पान्हा हातात घेतला. महारुद्रला निरोप धाडला, तू हैस, चन्नबसप्पा है, गाणं होईल, मेरे बगैर अडत नै.

पण अडलं. महारुद्र त्या दिवशी असा बेसूर झाला की लोकांनी शिट्ट्या मारल्या, मग चपला आल्या. दुसऱ्या दिवशी तो नळदुर्ग सोडून तेरला सासुरवाडीत गेला आणि मंडपाचं दुकान टाकून बसला. खाजाभाई दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा त्यानं "मालक गावाला गेलेत" असं स्वतःच आतून ओरडून सांगितलं. त्यानंतर वीस-बावीस वर्षं दोघांत शब्द नाही. बिजली ग्रुप पुढं बिनगाण्याचा, नुस्ता वाजवत चालू राहिला, आणि मग कधीतरी राहिला नाही.

आता डब्याकडं येतो. खाजाभाईंची लेक युसरा पुण्यात एका स्टुडिओत आवाजाचं काम करते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ती आली आणि माळ्यावरचं कॅसेटचं पोतं तिनं खाली ओढलं. चौऱ्याऐंशी कॅसेटी. तीन दिवस पोरगी कानाला यंत्र लावून बसली. चौथ्या दिवशी म्हणाली, अब्बा, तुम्ही रॉक बँड होतात. खाजाभाई म्हणाले, "हमना तो मालूमच नै था."

तिनं ठरवलं की ग्रुपची सगळी चाळीस वर्षं एका डब्यात बसवायची. मोठमोठे बँड म्हातारे झाले की असा डबा काढतात म्हणे. मी विचारलं, आमच्याकडं सीडी लावायची कशात? तर त्यावर तिचा तोडगा तयार होता, ट्रॅक्टरात चालतील असे तीन पेन ड्राईव्ह. सोबत फोटोंची वही, पत्र्याचा डबा, आणि डब्याला तांब्याच्या तारेचा वेढा, तो खाजाभाई स्वतः घालणार. शंभर डबे.

चन्नबसप्पाला विचारलं, त्यानं लगेच होकार दिला. त्याला आता कशालाही होकारच द्यायची सवय लागली आहे. राहिला महारुद्र. चौऱ्याऐंशीतल्या साठ कॅसेटीत त्याचा आवाज. त्याची परवानगी नसेल तर डबा काढायचा नाही, असं खाजाभाईंनी लेकीला बजावलं होतं. ही गोष्ट मला ठाऊक होती. तरी मी गावाच्या व्हाट्सॲप ग्रुपवर टाकून मोकळा झालो की येत्या बसव जयंतीला बिजली ग्रुपचा डबा येतोय आणि महारुद्र स्वतः हजर राहणार आहेत. खाजाभाईंच्या बायकोनं, हमिदाभाभींनी, मला भिंतीपलीकडून दोन दिवस चहा दिला नाही. आता गावात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, महारुद्र येणार का? डबा बंद पडला असता तर खाजाभाईंची नुसती हौस गेली नसती, गावात मानच राहिला नसता.

युसरानं पाच गाणी तयार करून महारुद्रला फोनवर धाडली, सोबत आदबीनं निरोप, काका, ऐकून सांगा. आम्हा जवळच्या लोकांना वाजवूनही दाखवली. लई सुरेख झाली होती. कॅसेटची खरखर गेलेली, काच पुसल्यासारखा आवाज.

दोन दिवसांनी तेरहून उत्तर आलं. एकच ओळ. "हा माझा आवाज नाही, माझं नाव काढा."

झालं. मी लगेच निष्कर्ष काढला आणि चार दुकानांत वाटला, की गडी अजून चपला विसरला नाही. खाजाभाई संध्याकाळपर्यंत एकाच मोटारीवर बसले होते आणि तिची तार उलट्या बाजूनं भरली. चाळीस वर्षांत त्यांची ती पहिली चूक. परत उपसावी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला म्हणाले, चल, तेरला जायचं. मला का, तर आग लावणाऱ्यानं पाण्याची बादली पण धरावी. निघताना हमिदाभाभींनी गिटार आणून त्यांच्या खांद्याला अडकवली. ते नको नको म्हणत होते. भाभी म्हणाल्या, "रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जायचं नसतं. मिठाई त्याला चालत न्हाय, शुगर हाय."

धाराशिवपर्यंत एसटी, पुढं तेरची गाडी. बसमध्ये गिटारीला स्वतंत्र सीट लागली, कंडक्टरनं तिचं तिकीट मागितलं नाही एवढंच. खाजाभाई वाटेत एकदाच बोलले, की तो शिव्या देईल तर मधे पडू नको. मी म्हटलं, मी मधे कधी पडतो?

महारुद्र दुकानात गाद्या मोजत होता. पूर्वीसारखाच उंच, मिशा पांढऱ्या, कपाळाला भस्म. यावेळी आत पळायला वेळ मिळाला नाही. त्यानं आम्हाला बसा म्हटलं, पाणी मागवलं, आणि मग खिशातून फोन काढून युसराचं गाणं लावलं. तिघांनी ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मंडपाच्या खांबांवर एक मांजर फिरत होतं, ते पण थांबलं होतं.

"ह्यात तू कुठंयस?" महारुद्र म्हणाला.

खाजाभाई म्हणाले, मीच की, गिटार ऐकू येतीय.

"गिटार न्हाय रे. घुम. तुझी घुम कुठं गेली?"

खाजाभाईंनी सांगितलं, पोरीनं कॉम्प्युटरवर काढून टाकली, लई मेहनत घेतली तिनं, मला तर आयुष्यभर तिची लाज वाटली. त्यावर महारुद्रनं फोन खिशात टाकला. मग जे बोलला ते असं, की त्याला सूर कधी कळलाच नाही. गुरू नाही, पेटी नाही. पहिल्या दिवशी खाजाभाईंच्या गिटारीची घुम कानात बसली, तिलाच त्यानं सा धरला. अठरा वर्षं त्यावर गायला, जनरेटर दमून घुम उतरली की तिच्याबरोबर खाली उतरला. देवाची देणगी म्हणवून घ्यायची सवय झाली, मग खरं सांगायला जीभ रेटेना. सोलापूरला स्टेजवर उभा राहिला तेव्हा मागं शांतता होती आणि पायाखाली फळीच नाही असं वाटलं.

"मी तुझ्यावर न्हाय रागावलो," तो म्हणाला. "तुला सांगायची लाज वाटली, म्हणून रागावलो."

खाजाभाईंचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता, तो त्यांनी वर सरकवला नाही. दोघं एकाच घुमेची लाज बाळगून वीस वर्षं गप्प बसले होते, एक ती होती म्हणून, एक तिच्याशिवाय जमत नव्हतं म्हणून. मला हसायला येत होतं आणि ते दाबताना डोळ्यात पाणी आलं, असं मी गावात सांगतो.

मग महारुद्रनं विचारलं, "त्या गावाला पाणी आलं होतं का?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी आठला."

"मंग ठीकंय."

वीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी सुद्धा नाही, आणि मी तर काहीही विचारतो.

मंडपाच्या दुकानात ॲम्प्लिफायर असतोच. खाजाभाईंनी गिटार जोडली. बटण दाबलं आणि घूंऽऽऽ सुरू झालं. ते सवयीनं माफी मागायला तोंड उघडणार, तेवढ्यात महारुद्रनं हात वर केला, डोळे मिटले आणि डीपी जळालीचं पहिलं कडवं उचललं. आवाज फाटलेला होता. दम पुरत नव्हता, दुसऱ्या ओळीला खोकला आला. पण सूर जिथं हवा तिथं होता. शेजारच्या पिठाच्या गिरणीतली माणसं अंगावरच्या पिठासकट दारात येऊन उभी राहिली.

परतताना खाजाभाईंनी युसराला फोन लावला. म्हणाले, बेटा, जे जे पुसलंस ते सगळं परत घाल. पलीकडून पोरगी बराच वेळ बोलत होती, एक महिन्याची मेहनत, वगैरे. ते हौ, हौ म्हणत राहिले आणि खिडकीतून बाहेर बघून हसत राहिले.

बसव जयंतीला दुकानासमोर टेबल टाकून शंभर डबे मांडले. चन्नबसप्पा नवी टोपी घालून आला. महारुद्र सकाळच्याच गाडीनं आला आणि त्यानं सगळ्यांना स्वतःहून सांगितलं की सूर आपला नव्हे, खाजाचा. लोकांना वाटलं, केवढा नम्र माणूस. वहीत शेवटच्या पानावर युसरानं छापलंय की मागून येणारा आवाज गायकांच्या सांगण्यावरून तसाच ठेवला आहे. ते पान कोण वाचतंय?

तिसऱ्या दिवशी अणदूरकडचा एक जण ट्रॅक्टर घेऊन दुकानासमोर उभा राहिला. म्हणाला, तुमचा डबा लावल्यापास्नं गाडीत घुम येतीय, वायरिंग बघा. खाजाभाई पान्हा शोधायला लागले, सवयच ती. स्टुलावर महारुद्र बसला होता. तो आता दर सोमवारी येतो आणि माझ्या दुकानातल्या पेना फुकट वापरतो.

"हात लावू नका," तो ट्रॅक्टरवाल्याला म्हणाला. "आवाज जरा वाढवा, आणि तिच्या मागं मागं गुणगुणून बघा."