पंप बदलला की खाना रिकामा

टर्नरबाईने लेथवर एकोणीस वर्षं काढली. विसाव्या वर्षी उजव्या मनगटाने संप पुकारला. डॉक्टरने हँडल फिरवणं कायमचं बंद केलं. कारखाना पंप दुरुस्तीचा, बसून करायची कामं तिथे दोनच. एक फाटकावरची नोंदवही, दुसरं स्टोअरच्या खिडकीशेजारचा कॉम्प्युटर. आल्यागेल्याची वेळ लिहायला डोकं लागत नाही आणि माझं डोकं अजून शाबूत आहे, असं तिने फोरमनला तोंडावर सांगितलं.

फोरमन माणूस वाईट नव्हता, पण मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नसे. त्या काळात फिटर लोक सुटे भाग चिठ्ठीवर लिहून मागत. एकाच वस्तूला चौघांची चार नावं, आणि अक्षर असं की दुसऱ्या दिवशी लिहिणाऱ्यालाही लागू नये. स्टोअरमधून भलताच भाग यायचा आणि उघडलेला पंप अर्धा अर्धा दिवस आ वासून पडायचा. टर्नरबाई म्हणाली, मी पडद्यावर यादी करते. आधी पंप निवडायचा, की खालच्या खान्यात त्याच पंपाचे भाग उघडतील. हवा तो निवडायचा आणि पाठवायचा. लिहायचं काही नाही. फोरमनने दोन महिने दिले. जमलं तर खुर्ची तिची, नाही तर फाटक.

कॉम्प्युटरचं तिला काय येत होतं? चालू करता येत होता. पण धाकटी नणंद एका कंपनीत वेबसाइटची पानं बांधायची. लग्न होऊन आल्यापासून वहिनीनेच तिला स्कूटर शिकवली, पोहायला शिकवलं, मुलाखतीला काय बोलायचं तेही शिकवलं. आता उट्टं काढायची संधी ती सोडते कुठली? रोज पहाटे पाच ते साडेसहा, स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवणी सुरू झाली. सुटी नाही. रविवारी तर दुप्पट.

तिसऱ्या आठवड्यात टर्नरबाईने पहिलं पान केलं. आठ पंप, एकशे बारा भाग, एकेक ओळ हाताने पानात टाइप केलेली. तीन दिवस लागले. नणंदेने ते पाहिलं आणि विचारलं, उद्या नववा पंप आला तर? टर्नरबाई म्हणाली, लिहीन की. दहावा आला तर? तेही लिहीन. नणंद म्हणाली, मग वहिनी, तुम्ही कॉम्प्युटरला कामाला नाही लावलंत, त्याने तुम्हाला लावलंय.

तिने समजावलं ते असं. पान एकदाच बांधायचं. माल वेगळ्या फायलीत ठेवायचा: पंपाचं नाव, भागाचं नाव, भागाचा नंबर. पान त्या फायलीतून एकेक ओळ उचलतं आणि यादी आपली आपण उभी करतं. नाव माणसाला वाचायला, नंबर स्टोअरला पाठवायला. तीन दिवसांचं टायपिंग पुसायचं टर्नरबाईच्या जिवावर आलं. पण पुसलं. लेथवर बिघडलेल्या तुकड्याला, जॉबला, रंग मारून तो चांगला होत नाही, एवढं तिला कळत होतं.

दोन महिने भरायला पाच दिवस होते तेव्हा पान कारखान्यातल्या चार पडद्यांवर लागलं. त्याच दुपारी फिटरकाका आले. कारखान्यातले सगळ्यात जुने फिटर, हाताने चाचपून बेअरिंगचा नंबर सांगणारे. त्यांनी मोठ्या पंपाचं, पाणी गळू न देणारं सील मागितलं होतं. स्टोअरने लहान पंपाचा बुश दिला, बोटाएवढी पितळी नळी.

त्यांनी बुश तिच्या टेबलावर ठेवला. "बाई, हा आता मी कानात घालू का?"

सगळे हसले. फोरमन हसला नाही. शनिवारपर्यंत बघू, असं म्हणाला आणि निघून गेला. शनिवारनंतर काय, ते त्याला सांगावं लागलं नाही.

नणंदेला फोन केला तर ती म्हणाली, म्हातारबुवांनीच चुकीचं बटण दाबलं असणार. टर्नरबाईला ते पटेना. ज्याने तीस वर्षांत भलत्या जागी बुश बसवला नाही, त्याचं बोट असं कसं घसरेल? दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन फिटरकाकांच्या मागे जाऊन उभी राहिली.

"काल जसं केलंत तसंच करा. चुकलेलं असेल तर तेसुद्धा."

काकांनी आजूबाजूला कोणी नाही ना ते पाहिलं. मग हळूच कबूल केलं, आधी लहान पंपच निवडला होता. चष्मा खिशात राहिला होता. त्याचा बुशही निवडून झाला होता. मग चूक ध्यानात आली म्हणून वर जाऊन पंप बदलला, तर खालच्या खान्यात आपोआप सील आलं. तेच हवं होतं, मग त्याला हात कशाला लावायचा? पाठवून दिलं.

टर्नरबाईने पाच वेळा तसंच करून पाहिलं. पाचही वेळा पडद्यावर सील आणि स्टोअरच्या खिडकीत बुश. आता तिला उलगडलं. पंप बदलला की यादी बदलत होती, पण पानाने आधीच्या बुशाचा नंबर मनात धरून ठेवला होता. नव्या यादीत तो नंबर नव्हता, म्हणून खाना नुसती वरची पहिली ओळ दाखवत होता. दाखवायला सील, मनात बुश.

तिला स्वतःचा राग आला. लेथवर जुना जॉब उतरवून नवा लावला की पहिलं काम डायल शून्यावर आणायचं. कालचा आकडा धरून आजचा जॉब कापला तर भंगार. एकोणीस वर्षं तिने हे डोळे मिटून केलं होतं, आणि इथे करायचं सुचलं नाही.

दोन गोष्टी केल्या. पंप बदलला की भागाचा खाना रिकामा. आणि यादीत सगळ्यात वर एकच ओळ, 'भाग निवडा', ती असेपर्यंत पाठवायचं बटण दबणार नाही. लिहायला दीड तास लागला. तपासायला दोन दिवस. आठ पंप, प्रत्येकावरून उरलेल्या सातांवर, छप्पन्न बदल. नणंद म्हणाली, चार-पाच करून पाहिले तरी चालतं. टर्नरबाईने छप्पन्न केले आणि वहीत छप्पन्न खुणा केल्या.

शनिवारी फोरमन स्वतः खुर्चीत बसला आणि पान चुकवायला लागला. पंप बदल, भाग निवड, परत पंप बदल, मध्येच पाठव. पंधरा मिनिटं त्याने पानाचा पिच्छा पुरवला. खाना दर वेळी रिकामा झाला, बटण दर वेळी बंद राहिलं. तेवढ्यात ट्रकमधून एक पंप उतरला. कारखान्यात कधी न आलेल्या जातीचा. फोरमनला तेच हवं होतं.

"आता ह्याला परत दोन महिने?"

"चहा घेऊन या," टर्नरबाई म्हणाली. "माझ्यासाठीही."

पंपाबरोबरच्या माहितीपत्रकावर तेवीस भाग होते. स्टोअरवाल्याने त्याच मापाच्या भागांचे कपाटातले नंबर वाचून दाखवले, तिने डाव्या हाताने फायलीत तेवीस ओळी भरल्या. पानाला बोट लावलं नाही. चहा आला तेव्हा कारखान्यातल्या चारही पडद्यांवर यादीच्या तळाला नववा पंप उभा होता. फिटरकाकांनी मुद्दाम आधी लहान पंप निवडला, बुश निवडला, मग नववा पंप लावला. खाना रिकामा. सगळ्यांना दिसेल असं मान हलवून त्यांनी बेअरिंग निवडलं आणि पाठवलं. खिडकीतून बेअरिंग आलं. फोरमनने ते व्हर्नियरने मोजलं, दोनदा.

चार वाजता नववा पंप चालू झाला. पाण्याची धार टाकीच्या भिंतीवर आपटली, समोर उभा असलेला फोरमन गुडघ्यापर्यंत भिजला. बूट झटकत तो टर्नरबाईकडे आला आणि म्हणाला, सोमवारपासून ही खुर्ची तुमची, आठ वाजता या.

"आठला काय करू?" ती म्हणाली. "फिटर साडेसातला येतात."