टोकावड्यापुढे, मशेरीच्या मागावर

मुरबाडहून माळशेजकडे निघालेल्या एसटीत मी मांडीवर सूक्ष्मदर्शकाची पेटी घेऊन बसले होते. कंडक्टर म्हणाला, "शिलाई मशीन हाय काय? लगेज लागंल." म्हटलं, लावा बाबा. सकाळी सकाळी वाद कोण घालणार! नव्वदच्या दशकातला तो हिवाळा. भात कापलेल्या खाचरांत वाल वर आला होता आणि पलीकडे घाटाचे डोंगर निळे दिसत होते.

काम असं होतं. मशेरी (तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू; बायका तिने दात घासतात) भाजताना तिच्यात तयार होणारी रसायनं गालाच्या आतल्या पेशींचं नेमकं काय करतात, ते पाहायचं. कर्करोग किती जणांना झाला हे मोजत बसलं तर वर्षं जातात, माणसंही जातात. त्यापेक्षा इजा सुरू कशी होते तेच डोळ्यांनी बघावं, असं आमच्या मुंबईच्या प्रयोगशाळेत ठरलं होतं.

टोकावड्याला उतरून पाड्यावर चालत गेले. मुक्काम लाडकूबाईंकडे; घरात त्या आणि त्यांची गरोदर सून सुगंधा. लाडकूबाईंनी माझा निरोप घरोघर फिरवला, "उद्या तोंड साफ करून या." झालं! पाड्यावरच्या झाडून साऱ्या बाया तोंड साफ करून आल्या, म्हणजे मशेरीने घासघासून. गाल खरवडून काचेवर घेतलं, तर नुसती काळी भुकटी! मी कपाळाला हात लावला.

"अहो, साफ म्हणजे नुसत्या पाण्याने!"

"पान्यानं कुटं तोंड साफ व्हतं, बाय?" लाडकूबाई म्हणाल्या, आणि सगळ्या खो खो हसल्या. मग चुळांवर चुळा, आणि पुन्हा लाकडी पट्टीने गाल खरवडणं.

दुपारी तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खाल्ली. चटणीने नाकाडोळ्यांतून पाणी काढलं, तरी दुसऱ्यांदा घेतली. मग अंगणात सूक्ष्मदर्शकाचा आरसा उन्हाकडे वळवला. "माजं दाव," लाडकूबाईंनी हट्टच धरला. दाखवलं. पेशीत मधोमध एक मोठा गोळा, म्हणजे केंद्रक, आणि त्याच्या बाजूला तुटून पडलेला बारीक तुकडा. असा एखादा तुकडा माझ्याही गालात सापडेल. त्यांच्या काचेवर जागोजाग होते.

"ह्यो क्यान्सर?"

"नाही. पण इजा आहे. सुरुवात अशी होऊ शकते."

"म्हंजे मानूस मरायच्या आदीच कलतं?"

"धोका कळतो."

त्यांनी डोळा पुन्हा सूक्ष्मदर्शकाला लावला. मग म्हणाल्या, "माजी जाव गालाला भोक पडून मेली. तिच्या वक्ताला कोन नाय आलं गो. दाढ दुकते म्हनून आमीच तिला मशेरी देत व्हतो."

मी सुगंधाची काच लावली.

सुगंधालाही मळमळतं म्हणून त्याच रोज मशेरी देत होत्या. तिच्या काचेवरही तुकडे होते, कमी होते इतकंच.

"हिचं बरं व्हईल?"

"आजपासून सोडली, तर नव्या पेशी साफ येऊ शकतात. गालाची आतली कातडी झडून नवी येतच असते."

लाडकूबाई तरातरा आत गेल्या आणि मशेरीचा डबा कमरेला खोचून आल्या. सुनेला म्हणाल्या, "आता मागशील तर बग."

उन्हाळ्यात पुन्हा गेले. सुगंधाच्या मांडीवर मुलगी होती. "एकदाबी नाय लावली," ती म्हणाली. "सासू डबा उशाला घिऊन झोपते."

दोघींचे गाल पुन्हा खरवडले आणि आधी तिची काच लावली. मी बघत राहिले, अगदी डोळे दुखेपर्यंत.

"बोल ना गो!" लाडकूबाई ओरडल्या.

"साफ आहे. माझ्यासारखीच."

त्यांनी नातीचे पटापट मुके घेतले. मी त्यांचीही काच उचलली, तर त्यांनी माझा हात धरला.

"सुनेचं कललं. माजं नको सांगू."

"अहो, पण सोडा तरी!"

"बगते," म्हणाल्या, आणि माझ्या पिशवीत वालाचं पुडकं कोंबलं.

परतीच्या एसटीत पेटी मांडीवर घट्ट धरून बसले. मुंबईत लाडकूबाईंची काच पाहावीच लागली. मशेरी काय करते, ते तिच्यावर लख्ख दिसत होतं, आधीपेक्षाही जास्त. प्रयोगशाळेत सगळे खूश झाले. पुरावा इतका चांगला मिळाल्याचं मला इतकं वाईट कधीच वाटलं नव्हतं.