जुन्या बॉक्स नंबरवर गेलेलं मत

“पीटर, आज तरी?” वॉल्टर सरांनी विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली. सलग नववा दिवस.

ही २००४ च्या ऑक्टोबर अखेरची गोष्ट. दोहातल्या एका इंजिनीअरिंग कंपनीत मी अॅडमिन असिस्टंट होतो. तिथे पोस्टमन घरोघर येत नसे. टपाल पोस्टातल्या पी. ओ. बॉक्समध्ये पडायचं, आणि कंपनीच्या बॉक्सची किल्ली माझ्याकडे.

वॉल्टर सर अमेरिकन, पायपिंग इंजिनीअर. त्यांचा एकुलता एक मुलगा फौजेबरोबर इराकमध्ये होता. अमेरिकेत २ नोव्हेंबरला अध्यक्षपदाची निवडणूक होती. परदेशातल्या मतदाराने अर्ज केला की त्याच्या गावचं इलेक्शन ऑफिस महिनाभर आधी मतपत्रिका टपालाने पाठवतं. ती भरून मुदतीत परत पोचवायची. सरांनी अर्ज मार्चमध्येच केला होता, पण मतपत्रिका अजून आली नव्हती.

“सर, अर्जात बॉक्स नंबर कुठला दिलात?”

त्यांनी पाठ असलेला नंबर सांगितला. तो जुना होता. उन्हाळ्यात ऑफिस अल नस्रहून बिन महमूदला हललं, तेव्हा तो बॉक्स मीच बंद केला होता. नव्या नंबरचं सर्क्युलर बँकांना गेलं, सप्लायर्सना गेलं. स्टाफला कळलंच असेल, असं मी धरून चाललो.

रमजानमुळे पोस्ट लवकर बंद व्हायचं. धावत गेलो. काउंटरवरचा मल्याळी क्लार्क म्हणाला, “वो बॉक्स तो दूसरी कंपनी को दे दिया. आपका जो आया, सब रिटर्न. खलास.”

परत येऊन मी सरांना सगळं सांगितलं. “चूक माझी आहे, सर.”

ते म्हणाले, “माझ्या मुलाला ज्यांनी तिकडे पाठवलं, त्यांच्याबद्दल मला एकदाच बोलायचं होतं.”

त्यांनी अमेरिकेला फोन केला. दुसरी मतपत्रिका निघाली. ती आली, तेव्हा मतदान होऊन सहा दिवस झाले होते. मी पाकीट त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते फोडलं, सगळी नावं वाचली, एका नावापुढे खूण केली.

“आता काय उपयोग, सर?”

“काही नाही,” ते म्हणाले आणि ड्रॉइंगकडे वळले.

पुढे कळलं, मतपत्रिका वेळेत न आलेल्यांसाठी कोरी मतपत्रिका असते. नाव हाताने लिहून पाठवायचं. ती अमेरिकन वकिलातीत मागितली की मिळायची. आम्ही दोघांनीही चौकशी केली नव्हती.

त्यानंतर दोनदा ऑफिस हललं. दोन्ही वेळा मी बँकांना कळवण्याआधी प्रत्येक टेबलाशी जाऊन नवा नंबर दिला आणि विचारलं, “तुमचं काही यायचंय का?”