पाचवं झाड

बुंध्याला फुटलेला धुमारा दिसला की तो छाटल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. पाळण्यात खुळखुळ्याऐवजी हिला कात्रीच दिली असणार, असं सासूबाई म्हणायच्या.

पाडव्याला गुढी उभारली की आम्ही घरची सगळी सांगोल्याकडच्या टेकडीवरल्या देवाला चालत जातो. वाट थोरल्या दिरांच्या डाळिंबाच्या बागेतून जाते. त्या वर्षी आमच्या बागेत तेल्या घुसला होता. पानाफळांवर तेलकट काळे डाग पडतात, फळ उकलतं, आणि हातानं, कात्रीनं रोग या झाडाचा त्या झाडाला लागतो. भावजींची पहिली बाग तेल्यापायीच मुळासकट उपटावी लागली होती. ही दुसरी त्यांनी लेकरासारखी वाढवलेली. त्यांनी निरोपच धाडला होता, धुतल्या कपड्यात या आणि झाडाला हात लावू नका.

आम्ही नवे कपडे घालून निघालो. पण सकाळी डागाची फळं तोडलेली कात्री माझ्या पिशवीत नारळाखाली तशीच राहिली होती. ऊन कोवळं होतं, झाडांना लिंबाएवढी फळं लागली होती, जाऊबाई माहेरच्या लग्नाचं सांगत होत्या. मी कात्री कधी काढली आणि धुमारे कधी छाटायला लागले, देवाशप्पथ मला कळलं नाही.

पुढं चाललेल्या भावजींनी वळून पाहिलं. ती कात्री कुठली, म्हणून विचारलं. घरचीच की, असं आमचे हे हसत बोलून गेले. भावजींनी यांच्या तोंडावर अशी ठेवून दिली की हे दगडावर जाऊन आपटले. ओठ फाटला, नवा सदरा रक्तानं भरला. हेही उठून भावाच्या अंगावर धावले. पन्नाशीचे दोन बाप्ये ठिबकच्या नळ्यांत गुरफटून एकमेकांचा गळा आवळत होते. जाऊबाई मध्ये पडल्या, तर बांगड्या फुटून त्यांचं मनगट चिरलं. देवाचा नारळ तिथंच कुणाच्या तरी पायाखाली गेला.

भावजी सुटले ते कुऱ्हाड घेऊन आले. कुठल्या कुठल्या झाडाला कात्री लावली ते दाखव म्हणाले. मी चार झाडं दाखवली. फळांनी लगडलेली चारही त्यांनी बुडातून तोडली, एका घावाला एक शिवी हासडत. डिझेल ओतून जागेवरच पेटवली. मग धापा टाकत माझ्यासमोर उभे राहिले.

"आणिक हाय का एखादं?"

होतं. जाऊबाईंच्या पाठीमागंच होतं. पण यांच्या ओठाचं रक्त थांबत नव्हतं आणि माझं डोकं भणभणत होतं. जळो याची बाग, असं मनात आलं.

"न्हाय," मी म्हटलं.

पावसाळ्यात त्या झाडावर डाग पडले. दिवाळीच्या आत सगळी बाग उपटली.

नंतर एके सकाळी भावजी आमच्या ओट्यावर येऊन बसले. पाडव्यापासून पहिल्यांदाच. लई वाळले होते. मी चहा घेऊन बाहेर आले, तेव्हा ते यांचा हात धरून बोलत होते.

"वाऱ्यानंच आला आसंल रं. चार झाडं तोडून बी आलाच की. उगं मारलं तुला."

हे लहान पोरासारखे रडायला लागले. मग भावजींनी माझ्यापुढंही हात जोडले. तुझा काही दोष नव्हता, म्हणाले.

चहात साखर घातलेली होती. तरी साखर आणते म्हणून मी आत गेले.