निळे जोडे

धक्क्यावर त्यांना सगळे नको-मामा म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ठाऊक नाही, पण चुकीचं ठेवलं असंही म्हणवत नाही. छत्तीस वर्षं होडीतून लोकांना पोवळ्यांचा खडक दाखवायला न्यायचं आणि तेच ते सांगायचं. माशांना पाव टाकू नका. अंगाला उन्हाचं क्रीम थापू नका, त्यापेक्षा लांब बाह्यांचा सदरा घाला. काही तोडून खिशात घालू नका. आणि खडकावर उभे राहू नका. दिसतो दगड, पण जिवंत आहे. लोक माना डोलवत, आणि पाण्यात उतरले की पालथ्या घड्यावर पाणी.

"मामा, दगडाला काय दुखतंय?" एकाने हसत विचारलं होतं.

"तुमच्या डोक्यावर उभा राहतो, मग तुम्हीच सांगा," मामा म्हणाले.

मागच्या उन्हाळ्यात पाणी इतकं तापलं की बराचसा खडक पांढराफटक पडला. खाटेएवढा एक उंचवटा तेवढा तगला. मामांचा सगळा जीव त्यात अडकलेला. आणि लोक नेमके त्याच्यावर चढत, कारण तिथेच पाय टेकत होते.

पूर्वी कुणी टेकवत नसे. उघड्या पायाला धार लागली की माणूस निमूट वर यायचा. मग चिरलेल्या पायांना पट्ट्या बांधून मामी कंटाळल्या आणि त्यांनी पोतंभर निळे रबरी जोडे आणून धक्क्यावर भाड्याने द्यायला सुरुवात केली. लोक खूश, मामी खूश.

"तुझे जोडे बंद कर," मामा जेवताना म्हणाले.

"का? कापू देत लोकांचे पाय?"

"जोडे आहेत म्हणून चढतात ते."

"तुम्ही सांगता ना, चढू नका म्हणून?"

"माझं ऐकतंय कोण!"

"मग माझ्या जोड्यांवर कशाला राग? नाचता येईना, अंगण वाकडं."

मामा अर्ध्या जेवणावरून उठले. होडीवाल्याशी इतकी वर्षं संसार केला, पण या बाईने एकदाही पाण्यात डोकं घातलं नव्हतं. केस ओले होतात म्हणे.

दुसऱ्या दिवशी मामांनी त्यांना होडीत बसवलं आणि डोळ्यांवर लावून पाण्यात बघायची काच हातात दिली. "केस मी पुसून देतो. पण एकदा बघ."

शेजारच्या होडीतली चार माणसं त्या उंचवट्यावर आधीच छातीभर पाण्यात उभी राहून गप्पा छाटत होती. मामी कुरकुरत कडेवरून वाकल्या. बराच वेळ डोकं वर येईना. मामांनी घाबरून खांद्याला धरून ओढलं.

"अहो," मामी धापा टाकत म्हणाल्या, "आपले जोडे आहेत ते."

वर गप्पा चालल्या होत्या आणि खाली आठ निळे जोडे चुळबुळत होते. दर चुळबुळीला पोवळ्याच्या बोटाएवढ्या फांद्या मोडून पडत होत्या.

मामींनी वळून अशी आरोळी ठोकली की धक्क्यावरची माणसं उभी राहिली. "ए निळे जोडेवाले! व्हा बाजूला! घरी कुणाच्या अंगावर असेच उभे राहता का?"

चौघं तत्काळ बाजूला झाले. एकाने तर माफीसुद्धा मागितली. मामा बघतच राहिले. छत्तीस वर्षं घसा फोडला, त्यांची कुणी माफी मागितली नव्हती.

त्याच दुपारी जोड्यांचं पोतं घरी गेलं. त्या जागी तरंगायची जाकिटं टांगली.

"मावशी, जोडे नाहीत? पाय कापला तर?" पहिल्याच माणसाने विचारलं.

"टेकवलात तर कापेल. तरंगा."

तो मुकाट्याने जाकीट घालून होडीत जाऊन बसला.  हेच मामांनी म्हटलं असतं तर माणूस हुज्जत घालत बसला असता.

"मोडलंय ते भरून यायला किती दिवस लागतील हो?" मामींनी हळूच विचारलं.

"दिवस? वर्षं म्हण. आपल्या हयातीत पुरं व्हायचं नाही."

 मामी म्हणाल्या, "तोंड पाडून काय होणार आहे? निघा आता. आणि त्या जाकीटवाल्याने खिशात पाव ठेवलाय, तो आधी काढून घ्या."

मामांनी कपाळावर हात मारला आणि पाव मागायला गेले.